दुसऱ्या पानावरची दोन घरं

जामसंड्याच्या एका हायस्कुलात मी चौतीस वर्षं कारकून आहे, आणि या चौतीस वर्षांत मी जेवढे तक्ते आखले तेवढे आख्ख्या देवगड तालुक्यात कुणी आखले नसतील. निकालाचे, हजेरीचे, खिचडीच्या तांदळाचे, स्काऊटच्या गणवेशांचे. माझ्या तक्त्यात एखादा आकडा चुकला असेल, पण रेघ कधी वाकडी गेलेली नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात माझी चूक नेमकी कुठे होती हे मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून सुरुवातीलाच माझी बाजू मांडून ठेवतो.

आमचं मूळ गाव कातळगाव, जामसंड्याहून एस.टी.ने पाऊण तासावर. गावात रवळनाथाचं देऊळ आहे आणि देवळाचे बारा मानकरी आहेत. बारा मानकरी म्हणजे बारा घरं. जत्रेच्या दिवशी पालखी निघण्याआधी थोरल्या घरचे लवू गावकर देवापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालतात. त्यात या बारा घरांची नावं ठरलेल्या क्रमाने येतात. प्रत्येक नावाला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. कुणाचा मान पालखीच्या खांद्याचा, कुणाचा अब्दागिरीचा, कुणाचा अंगण झाडायचा.

आमचं घर या बारांत नाही. माझे वडील, धाकू त्यांचं नाव, चाळीस वर्षं जत्रेच्या मांडवाचे खांब पुरायला जात. गाऱ्हाण्याच्या वेळी ते त्यांतल्याच एका खांबामागे उभे राहत आणि इतरांच्या नावाला "व्हय म्हाराजा" म्हणत. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण एकदा घरी येताना वाटेत म्हणाले होते, "जयरामा, एकदा आपला नाव आयकूक गावला आसता तर बरा वाटला असता." मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. ते वाक्य डोक्यातून जाईना, आणि एकूण सगळा घोटाळा त्याच वाक्यापासून सुरू झाला असं माझी बायको लीला म्हणते.

२००८च्या मे महिन्यात देवळाच्या सभामंडपात बैठक होती. मुंबई मंडळाचे चिटणीस गुरुप्रसाद आले होते. ते म्हणाले, "प्रत्येक देवस्थानाची आता वेबसाईट आहे. आपल्या मुंबईच्या माणसांना जत्रेची तारीख कळत नाही, कोणत्या घराचा काय मान ते नव्या पिढीला माहीत नाही. नुसता एक तक्ता टाकला तरी पुरे." सभा गप्प होती. माझ्या तोंडून खोकला निघाला. नुसता खोकला. पण शांत सभेत खोकणारा माणूस म्हणजे हात वर केलेला माणूस. देवस्थान समितीचे अध्यक्ष म्हणाले, "जयराम करेल. जत्रेत समितीतर्फे मानाचा नारळ देऊ आणि देवापुढे नाव पुकारू."

नाव पुकारू म्हणाले. त्यानंतर बैठकीत काय झालं ते मला आठवत नाही.

मी कणकवलीला तीन महिने दर रविवारी क्लासला गेलो. जाताना उभा, येताना उभा. क्लासच्या सरांनी एक जाडजूड पुस्तक दिलं आणि फ्रेमवर्क म्हणजे काय ते समजावलं. मला ते चटकन कळलं, कारण मी मांडववाल्याचा मुलगा. फ्रेमवर्क म्हणजे कुणीतरी आधीच उभा करून ठेवलेला मांडव. खांब त्याचे, वासे त्याचे, तुम्ही फक्त पताका लावायच्या. आणि त्यात एक ग्रिड नावाची चीज होती. तिला माहिती द्यायची, की ती आपोआप तक्ता मांडते. रकाने पाडते, मथळे देते, एक आड एक ओळ रंगवते. सव्वीस वर्षं पट्टी धरून बसलेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल याची कल्पना करा. मला जरा रडूच आलं.

लीला म्हणाली, "तुमका घरातलो मिक्सर चालू करूक येणा नाय, आणि तुमी देवाची वेबसाईट काढतल्यात?"

मी पुस्तक उघडलं. त्या सुमारास दिवसातून दोनदा वीज जात असे आणि ती जायची वेळ नेमकी मी पुस्तकातलं एखादं प्रकरण उघडायची असे. त्यामुळे जत्रा पंधरा दिवसांवर आली तरी मी सातशे पानांतल्या चारशे बाराव्या पानावरच होतो. हा आकडा पुढे महत्त्वाचा आहे.

माहिती गोळा करायला मी लवूकाकांकडे गेलो. लवूकाका तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. म्हटलं, "काका, बारा घरांची यादी द्या, क्रमाने." ते म्हणाले, "यादी माका येणा नाय. माका गाऱ्हाणा येता." मग त्यांनी पाय धुतले, समोर नारळ ठेवला, उभे राहिले आणि "बा देवा म्हाराजा" पासून सुरू झाले. तिसऱ्या घरापाशी मी म्हटलं, "जरा थांबा, लिहून घेतो." ते थांबले आणि पुन्हा "बा देवा म्हाराजा" पासून सुरू झाले. मधून सुरू करता येत नाही म्हणाले. बारा घरं उतरवून घ्यायला मला एकंदर सात गाऱ्हाणी लागली. सातव्या वेळी त्यांच्या सुनेने आतून, नकळत, "व्हय म्हाराजा" म्हटलेलं मी ऐकलं.

मग मी यादीपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालू लागलो. लवूकाकांनी माझा हात धरला.

"ह्या काय घालतंस?"

"नंबर, काका. तक्त्यात लागतात."

"नंबर रेशनाच्या लायनीत. देवापुढे नंबर नसता, जयरामा. जो तो आपल्या जाग्यार आसता. नंबर घालशीत तर माझो तुका आशीर्वाद नाय."

मी शब्द दिला. त्यांच्या ओसरीवर, नारळ समोर असताना. आणि घरी येऊन पुस्तक उघडलं तर त्यात लिहिलेलं, की तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला काहीतरी एक ओळख हवी, जी दुसऱ्या कुठल्याही ओळीला नाही. लोक तिथे नंबर घालतात. मला नंबर घालायचा नव्हता. म्हणून मी ओळख म्हणून घराचं नावच दिलं. प्रत्येक घराचं नाव वेगळं, काम झालं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. लपवून नंबर घालायची युक्ती त्याच पुस्तकात होती असं मला नंतर कळलं. पण ती सहाशेच्या पुढच्या पानांवर होती.

कातळगावच्या फाट्यावर बाबूचं झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान आहे. बाबूने पहिल्यापासून सल्ले दिले. मथळ्याच्या दोन्ही बाजूंना हलत्या समया असाव्यात. पान उघडलं की घंटा वाजावी. मी घंटा नाकारली, समया स्वीकारल्या. जत्रेला अकरा दिवस असताना दुपारी त्याच्याच दुकानातून आम्ही वेबसाईट चढवली. फोनची लाईन चार वेळा तुटली, पाचव्यांदा चढली. तक्ता समोर आला. घर, मान, दिवस असे तीन रकाने, एक ओळ पांढरी, एक फिकट अबोली. मी इतका हरखून गेलो की तो वाचलाच नाही. बाबूने त्याची प्रिंट काढली आणि गावात जाऊन देवळाच्या खांबावर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी नर्मदाकाकी जामसंड्याला आमच्या दारात. कातळगावची बाई कामाशिवाय एस.टी.त बसत नाही. त्या अळवाकडच्या घरच्या. बारांतलं शेवटचं घर, मान देवळाचं अंगण झाडून सडा घालायचा.

"जयरामा, बाबा, माका सगळ्यांच्या वर कित्या घातलंस?"

"वर?"

"खांबार कागद आसा. पयला घर अळवाकडचा. लोकां माका वाटेत थांबवून नमस्कार करतत. ता ऱ्हवांदे. पण आता पयल्या घरान अंगण झाडायचा काय? आणि मी नाय झाडलंय तर कोण झाडतला?"

मी चहा टाकायला सांगितला आणि बसलो. मग सगळं समजलं. घराचं नाव ओळख म्हणून दिलं, तेव्हा त्या यंत्राने ओळी बाराखडीप्रमाणे लावून टाकल्या. अळवाकडचं घर पहिलं. आंब्याकडचं दुसरं. लवूकाकांचं थोरलं घर, ज्यांच्या तोंडून देव बारांना ओळखतो, ते पाचवं. मी सव्वीस वर्षं वर्गाच्या पटावर मुलांची नावं याच रीतीने लावत आलो होतो. पण देवळाच्या खांबावर तो वर्ग नव्हता.

नर्मदाकाकी चहा पिऊन निघाल्या. जाताना म्हणाल्या, "पण एक सांगतंय. माझ्या झिलान मुंबयत रातीच तो कागद छापून फ्रेम करून लावल्यान. तो काढू नको सांगता." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हे तिथेच थांबलं असतं तर मी निभावून नेलं असतं. दुपारी सड्यावरच्या घरच्या विठोबादादांचा निरोप आला, ताबडतोब ये. सड्यावरचं घर हे बारांतलं दुसरं. पालखीचा पुढचा उजवा खांदा त्यांचा, पिढ्यान्‌पिढ्या. दादा घरापुढच्या खळ्यात बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"आमचा घर खंय गेला?"

"आसा, दादा."

"कागदार दहा घरां आसत. मी दोनदा मोजलंय, माझ्या सुनेन एकदा मोजल्यान. आमचा नाय आणि होळीकडचा नाय. होळीकडच्या घराक कुलूप, तीं माणसां वेंगुर्ल्याक जावन ऱ्हवली, तेंका तू काढलंस तर एक वेळ चलात. पण आमका वाळीत टाकूचो ठराव कधी झालो, ता सांग."

तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली. ती ग्रिड आपल्या मनाने एका पानावर दहाच ओळी दाखवते. बाकीच्या पुढच्या पानावर ढकलते, आणि खाली बारीक अक्षरात एक आणि दोन असे आकडे देते. बाराखडीत सड्यावरचं अकरावं आणि होळीकडचं बारावं. दोन्ही दुसऱ्या पानावर. बाबूने पहिल्याच पानाची प्रिंट काढली होती. मी हे दादांना समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे दहा घरां समोर आणि आमी मागल्या दारी."

"तसं नाही, दादा."

"मगे पालखीक पण मागसूनच कोणतरी खांदो देईत. आमी येणव नाय."

पुढच्या उजव्या खांद्याशिवाय पालखी उठत नाही. दुसऱ्या कुणी तो खांदा द्यायचा नाही, ही रीत आहे. म्हणजे एका तक्त्यापायी गावाची पालखी बसली होती, आणि जत्रेला दहा दिवस उरले होते.

कुणी म्हणेल, पानावर बारा ओळी कर की, संपलं. हो, पण मग विठोबादादा दिसले असते ते अकरावे. आणि आकडे घालून खरा क्रम लावावा, तर लवूकाकांना शब्द दिलेला. शिवाय समितीने एक वेबसाईट उपसमिती नेमली होती. वेबसाईटवर काहीही बदलायचं तर तिच्या चिटणीसाकडे लेखी अर्ज द्यायचा. चिटणीस मीच होतो. मी मला अर्ज लिहिला, आवक क्रमांक दिला, आणि अध्यक्षांच्या सहीसाठी ठेवला. अध्यक्ष मुलीकडे पणजीला गेले होते. सोमवारपर्यंत अर्ज माझ्याच टेबलावर पडून होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. इतर वेळी असे अर्ज पडून राहतात तेव्हा लोक मला काय म्हणत असतील, ते मला त्या चार दिवसांत कळलं.

सोमवारी अध्यक्ष फोनवर म्हणाले, "जयराम, काय वाट्टेल ते कर, पण पालखी उठव." मी मुंबईला गुरुप्रसादना फोन केला. ते म्हणाले, "काका, सोपं आहे. सॉर्टिंग द्या. मथळ्यावर क्लिक केलं की क्रम बदलेल. ज्याला जसं हवं तसं तो बघेल. लोकशाही आहे."

चारशे अकराव्या पानावर सॉर्टिंग होतं. मी दिलं. आता घर, मान किंवा दिवस या मथळ्यावर एकदा क्लिक केलं की ओळी एका क्रमाने लागत, दुसऱ्यांदा केलं की उलट्या. तीन रकाने, दोन तऱ्हा, म्हणजे सहा क्रम. सहा क्रमांत सहा वेगळी घरं वर येत. ही बातमी गावात पोचली आणि बाबूच्या दुकानात रांग लागली. जो तो यायचा, आपलं घर वर येईपर्यंत क्लिक करायचा आणि प्रिंट घेऊन जायचा. संध्याकाळपर्यंत देवळाच्या खांबावर सहा वेगवेगळे कागद लागले. सहा घरं खूश होती. उरलेली सहा, ज्यांना कुठेही क्लिक केलं तरी वर येता येत नव्हतं, ती आदल्या दिवशीपर्यंत माझ्याबद्दल चांगलं बोलत होती.

गंमत म्हणजे, घर या मथळ्यावर दोनदा क्लिक केलं की विठोबादादा बरोबर दुसऱ्या जागी येत होते. त्यांची खरी जागा. मी धावत ती प्रिंट घेऊन सड्यावर गेलो. दादांनी कागद लांब धरून वाचला.

"वर कोण आसा?"

"होळीकडचं घर."

"म्हणजे माका कुलपाच्या खाली घातलंस."

मी परत आलो. लीलाने ताट वाढलं होतं. ती म्हणाली, "एक सांगू? त्या दुसऱ्या पानाचो कागद तेंका दाखवा तरी. आपला नाव आसा, ह्या तेंनी डोळ्यांनी बघूक व्हया. माणसाक तेवढाच लागता." पंचवीस वर्षांच्या संसारात तिचा सल्ला मी लगेच मानला अशी ही तिसरी वेळ.

मी दुसऱ्या पानाची प्रिंट काढून दादांना नेऊन दिली. वर हलत्या समया, अर्थात कागदावर थांबलेल्या. देवाचं नाव. खाली फक्त दोन ओळी. सड्यावरचं घर, आणि त्याखाली होळीकडचं. दादांनी बराच वेळ कागद बघितला. चष्मा पुसला, परत बघितला.

"ह्यो कागद वेगळो काढलंस?"

"हो."

"फक्त आमचो. बाकीच्यांका दहा-दहाचो घोळको, आणि आमका सोतंत्र." त्यांनी सुनेला हाक मारली. "गो, जयरामाक वायच सोलकढी दी."

मी सोलकढी प्यायलो. खरं सांगायला हवं होतं, पण सात दिवसांनी कुणीतरी मला बसायला सांगितलं होतं. पालखी उठणार होती. त्या दिवशी एस.टी.त मला बसायला जागाही मिळाली आणि मला वाटलं, संपलं.

दादांनी तो कागद गावभर दाखवला. दुसऱ्या दिवशी बाकीची दहा घरं बाबूच्या दुकानात हजर. आमका पण सोतंत्र पान व्हया. कालपर्यंत दुसरं पान म्हणजे वाळीत टाकणं होतं, आज तो मान झाला होता. बाबूने मला फोन केला. तो म्हणाला, "काकानू, एका पानार एकच घर ठेवा. बारा पानां, बारा घरां. कोण वर नाय, कोण खाली नाय."

मला हे इतकं न्याय्य वाटलं की मी त्याच दुपारी अर्धी रजा टाकून फाट्यावर गेलो. दहाच्या जागी एक लिहिलं, वेबसाईट चढवली. प्रत्येक घराला आख्खं पान. बाबूने बारा प्रिंटा काढून सभामंडपात दोरीवर पताकांसारख्या लावल्या. लोक आले, आपापल्या पानासमोर उभे राहिले आणि समाधानाने परत गेले. नर्मदाकाकींनी अंगण झाडलं. मला वडिलांची आठवण झाली. त्यांचाही मांडव असाच दिसायचा, पताका लावल्यावर.

जत्रेला दोन दिवस होते. संध्याकाळी लवूकाका देवळात आले. काठी टेकत दोरीखालून चालत गेले, आपल्या पानापाशी थांबले. पानाच्या तळाशी त्या ग्रिडने आपल्या मनाने एक ते बारा आकडे मांडले होते. आणि जे पान उघडलेलं, त्याचा आकडा ठळक. थोरल्या घराच्या पानावर पाचाचा आकडा ठळक होता.

"जयराम खंय आसा?"

मी खांबामागून पुढे आलो.

"माका पाच नंबर दिलंस?"

"काका, मी दिलेला नाही. तो आपोआप येतो."

"आपोआप येता," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "बरा. मगे गाऱ्हाणा पण आपोआप येऊंदे." आणि ते काठी टेकत घरी गेले.

गाऱ्हाणं फक्त लवूकाकांना येत होतं. त्यांच्या मुलाला अर्धं येत होतं, आणि अर्धं गाऱ्हाणं घालता येत नाही हे मी सात वेळा बघितलं होतं. गाऱ्हाणं नाही म्हणजे पालखी नाही, जत्रा नाही. मुंबईहून निघालेली माणसं रत्नागिरीपर्यंत पोचली होती. त्या दिवशी गावात माझ्याशी कुणी बोललं नाही. आमच्या घराचं नाव पुकारलं जावं म्हणून मी हा उद्योग केला, आणि आता माझं नाव घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. मला खरोखर फार थकल्यासारखं झालं. सव्वीस वर्षांच्या रेघा सगळ्या एकदम पाठीवर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबूच्या दुकानात गेलो, वेबसाईट पुसून टाकली, दोरीवरची पानं उतरवली आणि लवूकाकांच्या ओसरीवर जाऊन बसलो. काका सुपारी कातरत होते.

"काका, पुसून टाकला सगळा."

"लोकांनी बघितला ना? ता कसा पुसतलंस?"

 मी म्हणालो, "चूक झाली. माझे वडील खांब पुरायचे. माका वाटला, मी पण कायतरी उभा करीन." का म्हणालो ते मला माहीत नाही. ते म्हणायला मी गेलो नव्हतो.

लवूकाका सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "धाकू खांब सरळ पुरायचो. उद्या नारळ घेऊन ये."

मी विचारलं, "समितीचा?"

"समितीचो कसलो? तुझो तू हाड."

जत्रेच्या दिवशी मी नारळ घेऊन गेलो. मानाचा नारळ मिळायचा होता, त्याऐवजी मीच एक घेऊन निघालो होतो. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून मान दुसरीकडे वळवली. दुपार कलली, सभामंडप भरला, लवूकाका देवापुढे उभे राहिले. मी खांबामागे.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली. आणि एकामागून एक घरं येत गेली. थोरलं घर. सड्यावरचं घर. कुलूप असलेलं होळीकडचं घरही, आपल्या जागी. विठोबादादांच्या चेहऱ्यावर कसलीही शंका नव्हती. बारावं अळवाकडचं घर आलं, नर्मदाकाकींनी पदर सावरला. ना आकडा, ना रकाना, आणि एक माणूस इकडचा तिकडे झाला नाही. मी मान खाली घालून "व्हय म्हाराजा" म्हणत होतो.

बारा घरं झाल्यावर काका नेहमी थांबतात. ते थांबले नाहीत.

"आणि बा देवा म्हाराजा, हो धाकूचो झील जयराम तुझ्या पायाकडे नारळ घेऊन इलेलो आसा. तुझी सेवा करतलंय म्हणान तेना बारा घरांची मांडणी केल्यान, आणि तेच्या हातसून माणसां खाली-वर झाली. ती चूक पोटात घाल. धाकू तुझ्या मांडवाचे खांब पुरीत होतो, ता ध्यानात ठेव. आणि हेका बुद्धी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला. बाराही घरं म्हणाली. मागे बायकांत लीलाचाही आवाज होता, जरा मोठाच.

मी नारळ फोडला. तो सरळ दोन भकलांत फुटला. नंतर पालखी उठली, विठोबादादांच्या उजव्या खांद्यावर.

परतताना लीला म्हणाली, "नाव पुकारल्यानी."

"चूक केली म्हणून पुकारलं."

"धाकूमामंजींचा पण पुकारल्यानी," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, हे त्या एका वर्षापुरतं. पण पुढच्या वर्षी लवूकाकांनी बारा घरं घेतली आणि न थांबता "हो धाकूचो झील जयराम" म्हणाले. मी नंतर त्यांना विचारलं, अजून कशाला? ते म्हणाले, गाऱ्हाण्यात एकदा चढलेलं काढता येत नाही, त्यांना मधून गाळता येत नाही. आता त्यांचा मुलगा पूर्ण गाऱ्हाणं शिकलाय. त्यातही ते आहे. वेबसाईटची आता कुणाला आठवणही नाही. दरवर्षी मी एक नारळ नेतो, खांबामागे उभा राहतो, आणि गाव देवाला सांगतो की मला बुद्धी दे.

देवापुढे नंबर नसतो, जो तो आपल्या जागेवर असतो, हे मला पटलेलं आहे. तरीही गाऱ्हाणं सुरू झालं की मी खांबाआड बोटांवर घरं मोजत जातो आणि तेराव्याला थांबतो. हे मी अजून लीलालाही सांगितलेलं नाही.